चहाच्या खोक्यावरचा डाग

“डाग कुठे गेला?” गायकवाड बाईंनी विचारलं.

मी खुशीत होते. सकाळपासून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला होता, रबरी हातमोज्यांत बोटं सुरकुतली होती. पण समोरची लाकडी फळी अशी काही उजळली होती की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. कित्येक वर्षांचा काळा थर निघून खालचा छाप वर आला होता. वर्तुळात चहाची तीन पानं आणि त्याखाली पेटीचा नंबर.

“गेला!” मी म्हटलं. “अगदी मुळापासून गेला. खूणसुद्धा नाही राहिली, बघा.”

बाई पुढे आल्या. त्यांनी फळीच्या उजव्या बाजूला तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, छाप बघतायत.

“म्हणून तर खोका तुमच्याकडे दिला होता हो,” त्या म्हणाल्या. “घरी कुणीतरी पुसून टाकेल, म्हणून.”

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी कॉन्झर्व्हेटर आहे, म्हणजे जुन्या वस्तूंची डॉक्टर. असं सोपं करून सांगितलं की लोक पुढच्याच वाक्यात गुडघेदुखीवर औषध विचारतात, पण याहून बरा शब्द मला सापडलेला नाही. मुंबईतल्या एका मोठ्या म्युझियमच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली. कापड, कागद, लाकूड, जे येईल त्याची मलमपट्टी केली. रिटायर होऊन डोंबिवलीत घरी बसले, तर दोन महिन्यांत घरातलं सगळं पितळ चकाकायला लागलं आणि नवऱ्याने माझ्यापुढे हात जोडले. तेवढ्यात कल्याणहून जयंतीभाईंचा फोन आला.

जयंतीभाई कल्याणच्या बाजारातले चहाचे घाऊक व्यापारी. धंदा आजोबांपासूनचा. गोदामाच्या वरच्या मजल्यावर चहाचं म्युझियम काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. चहा कुठे पिकला, कसा खुडला, इथवर कसा आला आणि कोणी कशातून प्यायला, हे सगळं तिथे दिसलं पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. वस्तूही झकास जमवल्या होत्या. मळ्यातल्या बायका पाठीवर घेतात ती टोपली, हॉटेलातल्या पोचे आलेल्या किटल्या, चव पारखणाऱ्यांचे पांढरेशुभ्र कप. कपांशेजारी त्यांचं उंच थुंकायचं भांडं, कारण पारखणारा माणूस चहा पीत नाही, तोंडात घोळवतो आणि थुंकतो. हे कळल्यावर कपाटं ठोकणारा सुतारही हळहळला होता.

नव्हता तो फक्त खोका. साठीच्या पुढच्यांना चहाचा खोका म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. पूर्वी मळ्यातून चहा यायचा तो प्लायवूडच्या मोठ्या खोक्यांतून. कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आत चंदेरी कागद, बाहेर व्यापाऱ्याचा शाईचा छाप. चहा संपला की रिकामा खोका घराघरांत जायचा. बदली झाली की त्यात भांडी भरायची, नाही झाली तर गोधड्या. आडवा टाकला की उघडं तोंड समोर येऊन पुस्तकांचं कपाट व्हायचं आणि वरची बाजू टेबल. जयंतीभाईंच्या आजोबांनी असे खोके आयुष्यभर विकले, पण स्वतःच्या छापाचा एकही मागे ठेवला नाही. त्या वेळी तो कचराच होता ना.

जयंतीभाईंनी पेपरात दिलं, ओळखीपाळखीत सांगितलं. आणि एक दिवस वर्तकनगरहून सुमन गायकवाड बाईंचा फोन आला. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, वय चौऱ्याहत्तर. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती आणि भाड्याच्या घरात खोक्याला जागा नव्हती. त्यांचे वडील याच गोदामात हमाल होते. कोपरा फुटलेला एक खोका त्यांना शेठनी, म्हणजे जयंतीभाईंच्या आजोबांनी, घरी न्यायला दिला होता. तोच हा. जयंतीभाई टेम्पो घेऊन स्वतः गेले आणि खोका आणताना शेजारी बसून त्याला धरून आले.

आता माझी चूक.

म्युझियममध्ये वस्तू आली की एक फॉर्म भरतात. त्यात ‘इतिहास’ असा रकाना असतो. त्या रकान्यात बाईंनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘लहानपणी अभ्यासाचं टेबल.’ तीन शब्द. मी ते वाचले आणि फाइल मिटली. खरं तर तिथे फोन उचलून विचारायचं असतं: कुठे बसायचात, कोण बसायचं, या खुणा कसल्या? नव्या मुलांना मी तीस वर्षं हेच शिकवलं, आधी विचारा, मग पुसा. पण उद्घाटन पुढच्या रविवारवर आलं होतं आणि जयंतीभाई दिवसातून तीनदा येऊन विचारत होते, “मॅडम, छाप निघेल ना? नक्की ना?” मला म्हणायचं होतं, नक्की. मला हुशारी दाखवायची होती, दुसरं काही नाही.

फळीच्या उजव्या बाजूला, नेमका छापावर, ताटलीएवढा काळा डाग होता. चहाचा आहे हे मी ओळखलं होतं. चहात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ते लोखंडाला लागलं की काळं पडतं. पूर्वी लिहायची शाईसुद्धा याच जातीची असायची. लोखंडी बुडाचं भांडं चहाने ओलं होऊन रोज एकाच जागी टेकत राहिलं, की लाकडात तो काळेपणा मुरतो. तो काढायला एक आम्ल असतं. कापसाच्या बोळ्याने लावायचं, थांबायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. शुक्रवार आणि शनिवार मिळून मी उजवी बाजू साफ केली. डावीकडेही एक फिकट डाग होता, तो सोमवारी काढणार होते. आणि शनिवारी दुपारी बाई सहज म्हणून बघायला आल्या.

चहाच्या म्युझियममध्ये चहाच्या खोक्यावरचा चहाचा डाग काढून टाकणारी बाई जगात मी एकटीच असेन.

मी बाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि मग जे फॉर्मवर यायला हवं होतं ते त्यांनी सांगितलं.

“आम्ही इथेच कल्याणला चाळीत राहायचो. मी, आई, वडील. पाचवीपासून मी या खोक्यावर अभ्यास केला. आई पहाटे चारला उठवायची. शाळेत गेलेली नव्हती ती, पण बारा वाजले की चार, हे तिला घड्याळ नसताना कळायचं. मी बसले की ती कोरा चहा आणून ठेवायची. इथे, उजव्या हाताला. एनॅमलचा पांढरा मग होता, बुडाचे टवके उडालेले. मी डी.एड.ला जाईपर्यंत रोज. तो डाग तिने केलेला.”

“बाई, मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. ऐकायला किती पोकळ वाटतं ते तेव्हा कळलं.

“घरात फोटो एकच होता, बुद्धांचा. आईचा फोटो कधी काढलाच नाही आम्ही. माझी नोकरी लागायच्या आधीच ती गेली. तिने केलेलं, राहिलेलं असं एवढंच होतं.”

मग त्या उठल्या. “खोका मला परत हवाय. बुधवारी भाच्याला टेम्पो घेऊन पाठवते.”

“पण बाई, घरी जागा...”

“बघेन मी.”

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, तेसुद्धा हळू.

संध्याकाळी जयंतीभाई आले. छाप बघून त्यांचे डोळे भरून आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना दाखवायला त्यांनी मोबाइलवर दहा फोटो काढले. मग मी बाकीचं सांगितलं आणि ते मटकन स्टुलावर बसले.

“बुधवारी नेणार? मॅडम, कार्डं गेली सगळीकडे. कार्डावर फोटोच खोक्याचा आहे.”

“मला माहिती आहे.”

मग ते उजळले. “एक आयडिया देऊ? आपल्याकडे चहाची काय कमी आहे का? लोखंडी वाटी घ्या, कडक चहा करा, ठेवा चार दिवस. सेम डाग येणार. बाईंना पण बरं वाटेल, आपलं पण काम होईल.”

“जयंतीभाई, तो त्यांच्या आईचा डाग होता.”

“हां, पण दिसायला तर सेमच ना?”

“आजोबांचा छाप माझ्या हातून पुसला गेला असता आणि मी मार्करने तीन पानं काढून दिली असती, तर चाललं असतं?”

“नाय चालणार,” ते म्हणाले. भला माणूस आहे. वाद घालतो, पण पटलं की लगेच सांगतो.

रविवारी मी घरात सगळ्यांवर डाफरले. कढी उतू गेली त्याचं खापर नवऱ्यावर फोडलं. तो बिचारा हॉलमध्ये पेपर वाचत होता. दुपारी त्यानेच विचारलं, “तू काम सुरू करायच्या आधी फोटो काढतेस ना नेहमी? ते बघितलेस?”

काढले होते. आमच्या कामात तो रिवाज आहे. वस्तूला हात लावायच्या आधी तिचे फोटो काढायचे: एक साध्या उजेडात, एक बाजूने तिरका उजेड टाकून, आणि एक यूव्ही दिव्याखाली. नोट खरी की खोटी बघायला बँकेत जो निळसर दिवा असतो, तोच. त्या उजेडात साध्या डोळ्यांना न दिसणारे डाग उठून दिसतात. मी फोटो काढले होते आणि छापाच्या घाईत नीट बघितलेच नव्हते. हीसुद्धा चूकच, पण हिच्यातून पुढे चांगलं निघालं.

कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. उजवीकडे काळं चंद्रबिंब असावं तसा डाग. मधे सगळं एकमेकांत मिसळलेलं, पण कडेला सुटी वर्तुळं दिसत होती. मग नजर डावीकडे गेली. तिथला तो फिकट डाग, जो मी पाण्याचा समजत होते आणि सोमवारी काढणार होते, तोही वर्तुळांचाच होता. एकदा दोनदा ठेवलेल्या भांड्याची नव्हेत. एकात एक अडकलेली, पुष्कळ.

बाई शनिवारऐवजी मंगळवारी आल्या असत्या, तर हाही गेला असता.

सोमवारी कल्याणला जाऊन मी फळीवर भिंग घेऊन बसले. एनॅमलचा मग असेल तर त्याची खूण साधी नसते. जिथे एनॅमल शाबूत तिथे बारीक तपकिरी रेघ उमटते आणि जिथे टवका उडून लोखंड उघडं पडलंय तिथे काळा ठिपका. डावीकडच्या वर्तुळांना दोन काळे ठिपके होते, एक मोठा, त्याच्या जरा पुढे एक लहान. उजवीकडचं आता फळीवर नव्हतं, पण फोटोत होतं. मी डोंबिवलीत येऊन फ्लेक्सच्या दुकानातून तो फोटो मूळ मापाचा छापून घेतला. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ग्रहण आहे का?” मी म्हटलं, “होतं.”

मंगळवारी सकाळी मी वर्तकनगरला बाईंच्या दारात होते. हातात फोटोची गुंडाळी आणि ट्रेसिंग पेपर.

“या,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. घरभर बांधलेले पुठ्ठ्याचे बॉक्स होते. आपल्याकडे माणूस कितीही रागावलेला असला तरी चहा टाकतोच. तो किती वेळाने येतो यावरून रागाचा अंदाज घ्यायचा. मला पंचवीस मिनिटं लागली.

चहा कोराच होता, त्यांच्या सवयीचा. आम्ही दोघी प्यायलो. त्यांचा कप त्यांनी खाली ठेवला तेव्हा माझं लक्ष गेलं.

“तुम्ही शेवटचा घोट ठेवलात, बाई.”

“लहानपणची सवय. तळाशी गाळ यायचा, मी तेवढा सोडून द्यायचे.” मग जरा रोखून, “तुम्ही हे विचारायला आलात?”

“नाही. पण आता विचारते. तुमची आई चहा कुठे बसून घ्यायची?”

“आई घ्यायचीच नाही चहा. वास सोसत नाही म्हणायची. मोठेपणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी घरात एकाच मगाचा चहा व्हायचा. वडील बाजारात घ्यायचे. आणि तो मला. एवढी शिकलेली मी, पण एक दिवससुद्धा विचारलं नाही, आई, तू घेतलास का? पगार झाला असता तर सगळ्यात आधी तिला दुधाचा चहा करून दिला असता. तेवढंही थांबली नाही.”

मी फोटो जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर त्यांचेच चार डबे ठेवले. उजवीकडच्या एका सुट्या वर्तुळावर ट्रेसिंग पेपर धरून पेन्सिलने ते उतरवून घेतलं. रेघ, मोठा ठिपका, लहान ठिपका.

“हा तुमचा मग,” मी म्हटलं. “आता हा कागद असाच डावीकडे...”

“थांबा. मी करते.”

बाईंनी चष्मा लावला. गुडघे दुखत असतानाही त्या खाली बसल्या. कागद डावीकडच्या एका वर्तुळावर ठेवला, हळूहळू फिरवला. ठिपक्यावर ठिपका बसला.

“जुळतंय,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या वर्तुळावर ठेवला. “हेही.” तिसऱ्यावर, चौथ्यावर. वह्या तपासाव्यात तशा त्यांनी मिळतील तितकी सगळी वर्तुळं तपासली. मग कागद हातात धरून तशाच बसल्या.

“डावीकडे तुम्ही कधी बसायचात का?” मी विचारलं.

“ती भिंतीकडची बाजू. तिथे आई बसायची. मी शाळेत गेले की तांदूळ निवडायला.”

“म्हणजे ती घ्यायची,” बाई म्हणाल्या.

इथे मला डॉक्टरसारखंच बोलावं लागलं, नाहीतर दुसऱ्यांदा चूक झाली असती. मी म्हटलं, “बाई, ती तुम्ही ठेवलेला घोट प्यायची की त्याच पावडरीवर पुन्हा पाणी ओतून उकळायची, ते डाग सांगत नाही. किती घ्यायची तेही सांगत नाही. डाग एवढंच सांगतो की तुमचा मग त्या बाजूला टेकायचा, तेव्हा तो चहाने ओला असायचा, आणि हे पुष्कळदा झालंय.”

“वास सोसत नाही म्हणे!” बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. “लबाड. लबाड होती माझी आई.”

मग त्या रडल्या. मीही रडले. माझं तिथे रडायचं काही काम नव्हतं, पण आवरलं नाही. बाईंनी मला पदर दिला नाही, टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला. तेवढा राग अजून शिल्लक होता.

जरा वेळाने मी म्हटलं, “उजवीकडचं मला परत आणता येणार नाही. जयंतीभाई म्हणत होते, तसाच नवा डाग पाडू, पण मी नाही म्हटलं.”

“बरं केलंत.” त्यांनी डोळे पुसले. “मी मुलांना सांगायचे, चुकलं तर खाडाखोड करू नका. एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा. चूक दिसू दे. तसं करणार असाल तर खोका राहू दे तिथे.”

बुधवारी टेम्पो आला नाही.

म्युझियममध्ये वस्तूशेजारी जी छोटी पाटी असते, तिच्यावर काय लिहायचं यावरून जयंतीभाईंचं आणि माझं एकदा वाजलं. “मॅडम, बाकी सगळं लिहा, पण चूक कशाला? पहिल्याच दिवशी म्युझियमची इज्जत!” मी म्हटलं, “म्युझियमची नाही, माझी. माझं नाव घाला.” ते तासभर खाली गादीवर जाऊन बसले आणि वर आले तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. पाटीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता आणि त्यात माझ्या मनातही न आलेली एक ओळ होती, हमालाच्या नावाची. पाटी अशी झाली:

‘चहाचा खोका. गोदामातून घरी आणला: धोंडिराम साळवे, हमाल. यावर अभ्यास केला: त्यांची मुलगी सुमन. डावीकडचा डाग सुमनची आई द्रौपदा यांच्या चहाचा. उजवीकडे सुमनच्या चहाचा डाग होता. तो न विचारता साफ केला गेला. चूक: नीलिमा, कॉन्झर्व्हेटर.’

आजोबांचं नाव त्यांनी कुठेच घातलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “छाप आहे ना त्यांचा. बस झाला.”

शुक्रवारी मी फळीला शेवटचा हात दिला. लाकूड साफ केलं की त्यावर मेणाचा पातळ थर देतात. मेण असलं की पाणी मुरत नाही, नवा डाग पडत नाही. सगळ्या फळीला मी मेण लावलं, डावीकडच्या वर्तुळांवर तर फार जपून. उजव्या हाताची तळहाताएवढी जागा मात्र कोरडी सोडली. वर्कशीटवर त्याची नोंद केली, पण कारण लिहिलं नाही. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच केलं.

रविवारी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. पांढरी साडी, केसांत काही नाही, पायात नवी चप्पल. “पँट्री कुठे आहे?” एवढंच विचारलं. दहा मिनिटांनी हातात काठोकाठ भरलेला कोऱ्या चहाचा कप घेऊन त्या हॉलच्या दारात उभ्या होत्या. दारावर पाटी होती, ‘खाण्यापिण्याच्या वस्तू आत आणू नयेत.’ ती मीच लावली होती, आणि तिच्याखाली उभी राहून मी बाईंसाठी स्टूल आणलं.

“बशी देऊ?” मी विचारलं.

“नको.”

त्या खोक्याच्या उजव्या बाजूला बसल्या. कप ठेवताना थोडा चहा हिंदकळला आणि कपाच्या अंगावरून खाली ओघळला. मग त्या सावकाश चहा प्यायल्या. घाई नव्हती, परीक्षा नव्हती. शेवटचा घोट ठेवला, कप उचलला आणि डाव्या बाजूला, भिंतीकडे, आईच्या जागी नेऊन ठेवला.

“घे,” त्या म्हणाल्या.

जयंतीभाई व्हीलचेअरवर बसलेल्या वडिलांना घेऊन मागे येऊन थांबले होते. म्हातारबाबा छापाकडे बघत होते. जयंतीभाईंचं लक्ष फळीवरच्या ओल्या गोलाकडे गेलं. सवयीने त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे, आणि रुमाल परत खिशात ठेवला.

डावीकडे मेण होतं, तिथे नवीन काही उमटलं नाही. आईचं होतं तेवढंच राहिलं. उजवीकडचा गोल दुपारपर्यंत वाळला. फिकट तपकिरी, एका बाजूला जरा जाड.

या धंद्यात सॉल्व्हंट, आम्लं, दिवे, भिंगं सगळं शिकवतात. वस्तू ज्याची आहे त्याला एक फोन करायचा, हे शिकवलेलं असूनही आपण विसरतो, कारण त्याचं बिल होत नाही आणि त्यात आपली हुशारीही दिसत नाही. वस्तू साफ झाली की परत मळवता येत नाही, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ वस्तू वाचतील.

त्या दिवशीचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या तब्येतीचा कागद, मी घरी न नेता तिथेच बसून भरला. ‘वरची फळी, उजवी बाजू: एक गोल डाग, चहाचा, आजचा. कुणाचा ते विचारलं आहे. काढू नये.’